ठिबकू द्या

इच्छापोरच्या कारखान्यासमोर जेवणाचे डबे उतरवायला वर्षा व्हॅनमध्ये मागून चढली आणि तिचा पाय पत्र्यातून आरपार गेला. घोटा सोलला, चप्पल खाली रस्त्यावर पडली. गाडी उभी होती म्हणून तेवढ्यावर भागलं. कामगार पोरांनी तिला धरून बाहेर काढलं, एकाने आपला रुमाल घोट्याला बांधला, आणि मग सगळे डबे उघडून जेवायला बसले. जेवणाची सुट्टी तेवढीच असते.

संध्याकाळी बमरोलीच्या घरी चेतनने बायकोचा पाय पाहिला. मग बाहेर जाऊन बॅटरी मारून गाडी पाहिली. आत आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं.

"नाना, ही गाडी भंगारात द्यायची."

लोटूनाना भाकरी मोडत होते. घरात ते अहिराणीच बोलत. पोरगा मराठी, हिंदी, गुजराती, जे तोंडात येईल ते बोले.

"गाडी इकानी नही," नाना म्हणाले.

"का नाही?"

"तुनी मायनी गाडी शे."

"मायची आहे म्हणून तर सांगतो. चालत्या गाडीत झालं असतं तर वर्षा चाकाखाली गेली असती. मग काय, भिंतीवर मायच्या शेजारी दुसरा फोटो लावायचा?"

पोराचं चूक नव्हतं. प्रमिलाबाई दिवाळीनंतर गेल्या. आठ दिवस ताप आला आणि गेल्या. त्यांच्या मागे ही पांढरी व्हॅन राहिली, इच्छापोरच्या कामगारांचे डबे राहिले आणि नाना राहिले. डबे वर्षाने उचलले. सासूकडूनच ती गाडी शिकली होती. सासू चाळिशी उलटल्यावर शिकली होती, आणि पहिल्या दिवशी तिने गल्लीतला विजेचा खांब वाकवला होता. तो अजून तसाच आहे.

"मामंजींना विचारा ना, काय करायचं ते," वर्षा पाय शेकत म्हणाली. "मला दोन दिवसांत बरं वाटेल. पण पोरं उपाशी राहतात तिकडे."

"ठीक आहे," चेतन म्हणाला. "पोळ्यानंतर गाडीची फिटनेस तपासणी आहे. तोवर नानांनी काय करायचं ते करावं. पास झाली तर ठेवू, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास झाली तर तिथूनच भंगारवाल्याला फोन करणार. मग रडायचं नाही."

"कोण रडस?" नाना म्हणाले आणि भाकरीकडे वळले.

गजेंद्रची शेड हजिरा रोडवर आहे. पोरगा मूळचा अमळनेरकडचा. बंदरावर माल नेणाऱ्या ट्रेलरांवर त्याने बरीच वर्षं काम केलं. तिथल्या खाऱ्या हवेत लोखंड कसं सडतं आणि कशाने वाचतं ते तो तिथेच शिकला. आता स्वतःची शेड टाकून गाड्यांना खालून तेल मारून देतो. इंजिनातलं तेल नव्हे. पत्र्याला धरून राहणारं, सांध्यासांध्यांत स्वतःहून शिरणारं गंजरोधक तेल.

त्याने व्हॅन लिफ्टवर वर घेतली. नाना खाली उभे राहून पाहू लागले. इतक्या वर्षांत गाडीचं पोट त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. सगळीकडे डांबरासारखा जाड काळा थर होता.

"हे तर चांगलं दिसस," नाना म्हणाले.

गजेंद्रने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या थराखाली घातलं. पापुद्रा निघाला आणि त्याच्यामागून लाल भुकटी दोघांच्या अंगावर पडली.

"दिसतं चांगलं. कोणीतरी ओल्या पत्र्यावर हे थापलं. पाणी आत कोंडलं आणि निवांत खात बसलं." त्याने डोक्यावरची भुकटी झटकली. "नाना, प्रमिलामावशी गाडी रोज धुवायच्या का?"

"रोज. डबे वाटून आली की आधी बादली. वरण सांडेल तिले चालेच ना."

"मग तेच. सांडलेल्या वरणातलं मीठ, समुद्राची हवा, आणि वरून रोज बादलीभर पाणी. आतून पत्रा वाळलाच नाही कधी. मावशींनी गाडी फार स्वच्छ ठेवली."

नानांना याचं वाईट वाटलं नाही. उलट जरा बरं वाटलं. ती बाई होतीच तशी. दवाखान्यातसुद्धा तिने शेजारच्या पलंगाखालचा केर काढायला लावला होता.

"वाचेल का?" त्यांनी विचारलं.

गजेंद्रने हातोडीने खालून ठोकत ठोकत सगळी गाडी पाहिली. आवाज ऐकून तो खडूने खुणा करत गेला. "मागची जमीन कापून नवा पत्रा जोडावा लागेल. बाकी सांगाडा धडधाकट आहे. वाचेल. पण मी सांगेन तसं वागायचं."

"सांग ना."

काम दोन दिवस चाललं. काळा थर खरवडला. गंज घासला. मागे नवा पत्रा बसवून जोडला. सगळं धुऊन पंखे लावून पूर्ण वाळवलं. गजेंद्र मधूनमधून हात लावून पाही आणि म्हणे, अजून नाही. वाळल्यावर ब्रेक आणि सायलेन्सर झाकले, आणि मग त्याने तेलाची बंदूक उचलली. लांब वाकडी नळी, टोकाला बारीक फवारा. दाराखाली गाडीच्या लांबीभर जी पोकळ पत्र्याची पेटी असते, तिची रबरी बुचं काढून त्याने नळी आत पार शेवटपर्यंत घातली आणि फवारत फवारत बाहेर ओढली. पत्र्याच्या सांध्यातून तेल बाहेर झिरपलं तेव्हा तो हसला.

"बघा, पोहोचलं. आता हे दरसाल पावसाळ्याआधी करायचं. आणि दोन-चार दिवस खालून ठिबकेल. घाबरायचं नाही. ठिबकू द्या."

नानांनी मान हलवली. पण त्यांनी ऐकलं ते अर्धंच. घाबरायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

घरासमोर गाडी उभी केली आणि तेल ठिबकू लागलं. सकाळी फरशीवर काळपट थेंबांची ओळ उमटलेली होती. समोरच्या मंगलाबाई पापडाचं कापड घेऊन बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"लोटूनाना, ही तुमची गाडी की तेलाची घाणी? मी पापड कुठे घालू?"

"गच्चीवर घाला."

"गच्चीवर माकडं येतात. तुमच्याकडे माकडं येत नाहीत म्हणून तुम्हाला काय."

"आमच्याकडे तुम्ही येता ना."

मंगलाबाई हसत आत गेल्या, पण नानांचं मन त्या थेंबांवरून हलेना. उभी हयात त्यांनी बमरोलीच्या यंत्रमाग कारखान्यात लुमांवर जॉबर म्हणून काढली होती. लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. त्या कामात सगळ्यात मोठं पाप एकच, कापडावर तेलाचा डाग. एक थेंब पडला की अख्खा ताका बाद होतो आणि शिव्या जॉबरला बसतात. म्हणून कुठूनही तेल गळताना दिसलं की जॉबरचा हात आपोआप खिशात जातो. खिशात वेस्ट असतं, म्हणजे तुटक्या धाग्यांचा गुंता. त्याचा बोळा करायचा आणि गळतं भोक बंद करायचं. नानांना काम सोडून वर्षं झाली, पण धुतलेल्या सदऱ्याच्या खिशातसुद्धा वेस्ट सापडे. प्रमिलाबाई त्यावरून रोज बोलत.

नाना गाडीखाली सरकले. दाराखालच्या पेटीला तळाशी भोकं होती, तिथूनच थेंब पडत होते. त्यांनी एकेक भोक हाताने चाचपलं आणि एकेक बोळा घट्ट ठासून बसवला. दोन्ही बाजूंना, पुढून मागून. बाहेर आले तेव्हा ठिबकणं थांबलं होतं. फरशी त्यांनी रॉकेलने पुसली. मंगलाबाईंनी पापड घातले. नानांना वाटलं, तेल आत राहिलं तर चांगलंच, वाया कशाला जाऊ द्यायचं.

वर्षा पुन्हा डबे नेऊ लागली. नाना शेजारी बसून जात. पूर्वी ते कधी जात नसत, प्रमिलाबाई एकट्या जायच्या. आता घरात बसून राहवत नव्हतं.

आषाढ सरता सरता खाडीचं पाणी वस्तीत आलं. गल्लीत गुडघाभर चढलं आणि गाडी अर्धा दिवस त्या घाण पाण्यात उभी राहिली. चेतन पायरीवर उभा राहून गाडीकडे पाहत होता.

"गई," तो म्हणाला. "आता फिटनेसची गरजच नाही."

"तेल शे तिले," नाना म्हणाले.

"तेलाने काय होतं, नाना? जहाज आहे का ते?"

"जहाजबी लोखंडनंच ऱ्हास."

पाणी उतरलं. इंजिन सुरू झालं. गाडी धुतली, वाळवली, वर्षा पुन्हा रस्त्यावर आली. श्रावणभर सरी पडत राहिल्या, पण सगळं ठीक दिसत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी डबे वाटून परत येताना एका वळणावर नानांना मागून आवाज आला. पाणी हिंदकळल्यासारखा. गाडी सरळ झाली, आवाज थांबला. पुढच्या वळणावर पुन्हा आला.

"डब्यांत वरण राहिलं का?"

"नाही मामंजी. आज तर पोरांनी डबे चाटूनपुसून दिले."

"मंग हाई काय वाजस?"

वर्षानेही कान दिला. वळण आलं. आवाज त्यांच्या पायांखालून, दाराच्या खालून आला.

"उभी कर. गाडी उभी कर," नाना म्हणाले.

ते उतरले आणि रस्त्याच्या कडेला आडवे झाले. खालून पाहिलं, तर त्यांनी ठासलेले बोळे फुगून टंच झाले होते. एका बोळ्याचं टोक त्यांनी चिमटीत धरून ओढलं. तो निघाला आणि मागोमाग पाण्याची धार त्यांच्या तोंडावर, छातीवर पडली. खाडीचा वास आला. पाणी पडतच राहिलं. नाना बाजूला सरकले नाहीत. आपण काय केलं ते त्यांना त्या धारेखालीच कळलं. ही भोकं तेल गळायला नव्हती, पाणी जायला होती. वरून आत आलेल्या पाण्याला जायची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली होती.

"मामंजी, काय झालं?" वर्षाने वाकून विचारलं.

"चूक मनी शे," नाना म्हणाले. "गजेंद्रकडे चाल. सीधी."

गजेंद्रने गाडी वर घेतली आणि उरलेले बोळे पक्कडीने ओढू लागला. एक निघाला, लाल धाग्याचा. दुसरा निळा. तिसऱ्यात जरीची तारही होती. प्रत्येकामागे पाण्याची धार. त्याने सगळे बोळे हातावर घेऊन नानांसमोर धरले.

"नाना, आत साडी विणायला घेतली होती का?"

नाना हसले नाहीत. "वाचस का नही, ते सांग."

गजेंद्रचा चेहरा उतरला. त्याने मोबाइलला जोडलेला बारीक कॅमेरा पेटीत घातला आणि तिघं त्या छोट्या पडद्याभोवती जमले. आत पाण्याचे थेंब होते, चिखलाची रेघ होती, आणि खाली पत्रा. पत्रा तेलकट, काळपट, चकाकणारा. वर्षा म्हणाली, "हे चांगलं की वाईट?"

"बोलू नका," गजेंद्र म्हणाला. कॅमेरा हळूहळू पुढे सरकला. "तेलाने पाणी पत्र्याला टेकूच दिलं नाही. हे बघा, थेंब गोळा होऊन बसलेत. अळूच्या पानावर बसतात तसे." त्याने कॅमेरा वळवला. "पण इथे बघा."

भोकाच्या कडेला लाल ठिपका होता. पुढच्या भोकालाही होता. जिथे जिथे बोळा होता तिथे तिथे.

"धाग्याने तेल पिऊन टाकलं आणि पाणी धरून ठेवलं. तेवढाच भाग उघडा पडला." गजेंद्रने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एक ठिपका टोचला. टोक आत गेलं नाही. दुसरा टोचला. गेलं नाही. तिसऱ्याला, डाव्या बाजूला मागे, पत्रा किंचित दबला.

"अजून थोडे दिवस राहिलं असतं तर इथून फाटत गेलं असतं," तो म्हणाला. "आत्ता वेळेवर आलात. आवाज कोणी ऐकला?"

"मामंजींनी," वर्षा म्हणाली. "मला इंजिनाच्या आवाजात काहीच कळलं नाही."

"शंभर लूम एका टायमाले वाजत व्हतात," नाना म्हणाले. "त्यातला एक बिघडना तरी समजे माले."

ते काम गजेंद्रने त्याच संध्याकाळी हातात घेतलं. दबलेला पत्रा कापून ठिगळ जोडलं, बाकी ठिपके घासून काढले, पेटी गोड्या पाण्याने धुतली. सगळी भोकं तारेने मोकळी केली. पंखे लावून वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी पोळा होता तरी त्याने शेड उघडली आणि पुन्हा तेल मारलं. नाना या वेळी नुसते पाहत उभे राहिले नाहीत. गजेंद्र नळी बाहेर ओढू लागला की ते खाली प्रत्येक भोकाखाली हात धरत. तळहातावर तेल पडलं की म्हणत, "आलं." पुढच्या भोकाकडे जात. "आलं." एकही भोक त्यांनी सोडलं नाही.

घरी गाडी उभी केल्यावर त्यांनी खाली जुने पुठ्ठे पसरले आणि मंगलाबाईंच्या दारात गेले.

"चार दिवस तेल ठिबकेल. ठिबकू द्यायचं आहे. पापड मी गच्चीवर राखतो."

"माकडं आली तर?"

"मी आहे ना."

"तेच म्हणते," मंगलाबाई म्हणाल्या. पण चार दिवस त्यांनी पापड गच्चीवर घातले, आणि नाना काठी घेऊन तिथे बसले.

फिटनेसच्या दिवशी चेतनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तपासणीला गाडी रिकामी न्यायची होती आणि डबे तर दुपारी पोहोचायलाच हवे होते. म्हणून सेंटरच्या बाहेर फुटपाथवर सगळे क्रेट उतरवले आणि चेतन त्यांच्याजवळ राखणीला थांबला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड.

"फोन चार्ज केलेला आहे," तो नानांना म्हणाला. भंगारवाल्यासाठी, असं त्याने म्हटलं नाही, पण दोघांना कळलं.

गाडी आत गेली. ब्रेक तपासले, दिवे तपासले, धूर तपासला. मग गाडी खड्ड्यावर उभी केली आणि तपासनीस बॅटरी घेऊन खाली उतरला. नाना कठड्यापाशी उभे राहिले. खालून ठोकण्याचा आवाज येऊ लागला. ठण. ठण. नाना डोळे मिटून ऐकत होते. पुढची बाजू, ठण. उजवी पेटी, ठण, ठण. मागची जमीन, ठण. मग डावी बाजू, मागे, जिथे ठिगळ होतं तिथे. तिथे तपासनीस थांबला. पुन्हा ठोकलं. मग काहीतरी टोकदार खरडल्याचा आवाज.

वर्षाने नानांचा दंड धरला.

तपासनीस वर आला. हात तेलाने माखले होते. तो चिंधीला हात पुसत नानांकडे आला आणि हिंदीत म्हणाला, "चाचा, ये नीचे क्या लगवाया है?"

"तेल."

"हर साल लगवाते हो?"

"आतेपासून दरसाल," नाना म्हणाले. मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाले, "हां. हर साल."

"इस उमर की गाड़ी नीचे से ऐसी मैंने कम देखी है. ले जाओ. पास है."

वर्षा रडू लागली. नानांना वाटलं, आपणही रडावं, कोणी पाहत नाही. पण रडू आलं नाही. छाती भरून आली, ताका स्वच्छ उतरल्यावर यायची तशी. त्यांना हे प्रमिलाला सांगायचं होतं. सांगायला ती नव्हती, म्हणून त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला आणि मनातच सांगितलं, झाली पास. त्यांना खरंच वाटलं की एवढं पुरे आहे.

गाडी बाहेर आली तेव्हा फुटपाथवर गर्दी होती. टेम्पोवाले, रिक्षावाले, तपासणीला नंबर लावून बसलेले ड्रायव्हर. मध्ये चेतन. एक क्रेट उघडा होता.

"काय झालं?" त्याने लांबूनच विचारलं.

"पास," वर्षा खिडकीतून म्हणाली.

चेतन खाली वाकला, इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता गाडीखाली डोकं घालून पाहून आला. बाहेर आला तेव्हा नाकाला तेल लागलं होतं.

"पत्रा खरंच मजबूत आहे," तो म्हणाला.

"हाई डबा काब्र उघडा?" नानांनी विचारलं.

"हे लोक सकाळपासून इथे बसलेत. शेवभाजीचा वास आला तर विचारायला लागले, थाळी मिळते का म्हणून. मी म्हटलं हे इच्छापोरचे डबे आहेत, हात लावायचा नाही. माझा स्वतःचा डबा होता, तो चाखायला दिला." त्याने घसा साफ केला. "विचारत होते, रोज इथे गाडी येईल का. मी सांगितलं, सोमवारपासून येईल."

"कोणाले विचारीसन सांगं तू?"

"नानांना विचारतोय ना आता."

नानांनी वर्षाकडे पाहिलं. वर्षा डोळे पुसत म्हणाली, "पहाटे आणखी एक पातेलं चढवावं लागेल. भाकऱ्यांना मंगलाबाईंना बोलवू. पापड तर त्यांचे आहेतच."

"सोमवारपासून," नाना त्या ड्रायव्हरांना म्हणाले.

सगळ्यांनी हातोहात क्रेट चढवले. पुढे दोनच जागा होत्या. नाना उतरून चेतनला पुढे बसायला सांगू लागले, पण तो ऐकेना. तो मागे चढला आणि डब्यांना पाठ लावून खाली नव्या पत्र्यावर मांडी घालून बसला.

"चल," तो बायकोला म्हणाला. "पोरांची सुट्टी होईल. आणि जोरात घे."

वर्षाने गिअर टाकला.